एरंडेल प्यालेला ब्रेक

मुंजाजी अण्णा बिघडलेली वस्तू आधी मारत आणि मग तिला काय झालंय ते बघत. विहिरीवरची मोटार बंद पडली, बसली लाथ. टीव्ही खरखरला, बसली थाप. ट्रॅक्टरला तर त्यांनी एकदा रागाच्या भरात डोक्याने धडक दिली होती. बॉनेटला पोचा आला, अण्णांच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि ट्रॅक्टर चालू झाला. "मार खाल्ल्याबिगर कोन्चीच वस्तू सरळ व्हत न्हाई, डागदर," असं ते मला तेव्हापासून पुराव्यानिशी सांगत. मी डॉक्टर नाही. झरी गावात माझं औषधांचं दुकान आहे. पण 'डागदर' म्हणू नका हे अण्णांना सांगायची माझी छाती नव्हती.

माणसांनाही हाच न्याय. बाजारात एका टारगट पोराने भाजीवाल्या म्हातारीची पाटी लाथेने उडवली, तेव्हा अण्णांनी त्याचा पंजा शेजारच्या दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि वरून शटर ओढलं. पोरगं किंचाळत होतं, आणि अण्णा विखुरलेली वांगी वेचून पाटीत भरत होते. मलमपट्टी मीच केली. दर शनिवारी अण्णा पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जात. एकदा मी भीत भीत म्हणालो, "अण्णा, देवाला जाता, मग इतकी मारामारी कशाला?" ते म्हणाले, "आमचा द्येवच फाडनारा हाय. मी तर निस्ता हानतो."

अण्णांच्या रागापुढे कायम उभा असायचा तो त्यांचा धाकटा भाऊ सोपान. दोघांची शेतं कालव्याखाली, लागून. मधला बांध दोघंही दरवर्षी नांगराने थोडा थोडा खात. त्यावरून दगड चालत, काठ्या चालत. एकदा अण्णांनी फेकलेला विळा सोपानच्या दारात रुतला होता. एक ना एक दिवस मुंजाजी सोपानला खलास करणार, याविषयी गावात दुमत नव्हतं. वाद एवढाच होता की पेरणीच्या आधी की नंतर.

आता या माणसाच्या तावडीत मी कसा सापडलो ते सांगतो. पोट सुटलं म्हणून मी सायकल घेतली, आणि तीही माउंटन बाईक. आमच्या भागात डोंगर म्हणून दाखवावा असा कालव्याचा भराव तेवढा आहे. पण सायकलीला तेलावर चालणारे डिस्क ब्रेक होते, आणि दुकानदार म्हणाला की बोटाने दाबलं तरी हत्ती थांबतो. हत्तीचं माहीत नाही, पण ब्रेक दाबला की असा किंचाळायचा की बैल पळायचे. अण्णांचेच पळाले. भरावाच्या उताराखाली त्यांची तुरीने भरलेली गाडी नाल्यात गेली. तुरीच्या ढिगाखालून अण्णा बाहेर आले, चालत माझ्यापर्यंत आले आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की ब्रेकचा आवाज परवडला.

"ह्ये काय आरडायलंय?"

"ब्रेक आहे, अण्णा."

"मंग गळा दाब त्याचा. उद्या पुन्हा आरडला तर मी दाबीन. त्याचा न्हाई, तुहा."

मी घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओ अर्धा बघायचा आणि कामाला लागायचं, ही माझी पद्धत. 'चाक काढा' एवढं बघितलं आणि चाक काढलं. 'चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका' हे पुढच्या अर्ध्यात होतं. मी दाबला. आतले दोन पॅड एकमेकांना असे चिकटले की मधे डिस्क, म्हणजे चाकावरची चकती, जाईना. दुसऱ्या दिवशी अण्णा खात्री करायला दुकानात आले, तेव्हा मी पॅडशी झटत होतो.

"सर बाजूला," म्हणत त्यांनी माझ्या हातातला पेचकस घेतला, पॅडच्या फटीत घातला आणि वरून हातोडी मारली. फट झाली. चाक बसलं. पण हातोडीचा दुसरा घाव डिस्कवर पडला होता. ती वाकली, आणि चाक फिरलं की ठरावीक जागी येऊन पॅडला घासू लागली. अण्णांनी ती नुसत्या पंज्यात धरून पिळली. पंजा कापला, रक्त रबराच्या टायरवर ओघळलं, डिस्क बऱ्यापैकी सरळ झाली. "बघ, मार खाल्ला की बसली," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी पट्टी बांधली.

घासणं गेलं, पण किंचाळणं राहिलंच. पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा, तसेच आवळायचे, डिस्क स्पिरिटने पुसायची, पॅड बारीक पॉलिश पेपरवर घासायचे, हे सगळं त्या व्हिडिओत होतं म्हणे. मी माझं डोकं चालवलं. कंपनीने ब्रेकच्या नळीत तेल भरलंय, म्हणजे ब्रेकचं आणि तेलाचं वैर नाही. आणि गाडीचं चाक कुरकुरलं की आपल्याकडे त्याला एरंडेलाचं वंगण पाजतात, ही रीत माझ्या आज्यापासूनची. दुकानात एकाच फळीवर स्पिरिट आणि एरंडेल शेजारी शेजारी उभं होतं. मी एरंडेल उचललं. दोन्ही चाकांच्या डिस्कना चोळलं, पॅडलाही पाजलं, आणि अंगणात चाक फिरवून ब्रेक दाबला. चकार शब्द नाही! इतका आनंद झाला की ब्रेक गप्प झालाय हे अण्णांना ऐकवायला मी लगेच निघालो.

कालव्याच्या भरावावर चढलो आणि खाली बघितलं. बांधावरची बाभूळ मुळाशी अर्धी खणलेली होती. खणणारा सोपान होता, हातात पहार घेऊन तिला लागून उभा. समोर अण्णा, हातात कुऱ्हाड.

"माह्या बाभळीला हात लावतो, भाड्या?"

"बाभूळ बांधावरची हाय, तुह्या बापाची न्हाई!"

"माहा बाप तुहाबी बापच व्हता की रं!" असं ओरडत अण्णांनी कुऱ्हाड डोक्यावर उचलली.

मी उतारावर होतो. 'अण्णा, थांबा!' असं ओरडत मी ब्रेक दाबला. पुढचा, मागचा, दोन्ही. ब्रेक गप्पच राहिला. तो नुसता गप्प नव्हता, त्याने थांबवायचंही सोडून दिलं होतं. सायकल सुसाट खाली आली आणि कुऱ्हाड खाली येताना मी थेट अण्णांच्या कमरेत घुसलो. आम्ही दोघं आणि सायकल एका गुंत्यात कोसळलो. कुऱ्हाडीचं पातं अण्णांच्या उजव्या नडगीत हाडापर्यंत बसलं होतं. रक्त असं उसळलं की माझा चष्मा लाल झाला.

त्या लाल काचेतून मला सोपान दिसला. आमच्यावर पहार उचलून उभा. डोळे फिरलेले. अण्णा ओरडले, "सोपान्या, न्हाई! न्हाई, म्हनलं ना!" त्यांना कुणाची दया मागताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पहार आली ती सायकलीवर. एकदा, दोनदा, मग मोजायचं भानच राहिलं नाही. हँडल तुटलं, चाकं चपटली, ब्रेकची नळी फाटून तेल चिखलात गेलं. सायकलीचं भंगार झाल्यावर सोपानने पहार फेकली, डोक्याचा पटका सोडून अण्णांच्या पायाला करकचून बांधला, त्यांना पाठीवर घेतलं आणि रस्त्याकडे धावला.

अण्णांचा पाय वाचला, पण लंगडा झाला. आणि मी? गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. जिवाची पर्वा न करता खून टाळणारा माणूस! मीही भाषण ठोकलं. ब्रेक लागला नाही हा भाग भाषणात नव्हता. अण्णा ड्रेसिंगला दुकानात येत, पाय टेबलावर ठेवत आणि मी पट्टी सोडताना माझ्याकडे टक लावून बघत. रागावत नसत. "डागदर, तू लय शहाना मानूस हाय," एवढंच म्हणत. मी ती शाबासकी समजत होतो. भावाभावांचं बोलणं बंदच राहिलं, दगडही बंद झाले. गाव म्हणालं, डागदरने गाव सुधारलं.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. झोपेत गेले. असा माणूस असा गुपचूप जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. चिता पेटल्यावर गर्दीतला एक जण सोपानला म्हणाला, "सुटलास बाबा एकदाचा." सोपानने त्याला अशी चपराक दिली की त्याची टोपी निखाऱ्यांजवळ जाऊन पडली. मग तो येऊन माझ्याशेजारी दगडावर बसला.

"डागदर, पळत्या डुकराच्या डोळ्यात दगड घालायचा दादा. चुकताना कुनी पाह्यलाय?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने सदऱ्याची बटणं काढली आणि छाती, पाठ, खांदे दाखवले. "जल्मभर त्यानं माह्यावर दगडं फेकले. काठ्या घातल्या, इळा फेकला. एक तरी घावाची खून दिसतीय का? त्या दिशी बी कुऱ्हाड बाभळीतच बसनार व्हती. त्यानं हानायचं, म्या वरडायचं, आन् मंग ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन जेवायचं. असंच चालायचं आमचं. तुमी मधी आलात."

मी विचारलं, "मग तू पहार कशाला उचललीस? पडलेल्या भावावर?"

"भावावर?" सोपान माझ्याकडे वळला. "म्या तुमच्यावर उचलली व्हती. दादाचा पाय तोडला तुमी. डोस्कं फोडनारच व्हतो. त्यो न्हाई न्हाई म्हनला, म्हून सायकलीवर घातली."

चितेतलं एक लाकूड खाली बसलं. सोपानने सदऱ्याची बटणं लावली, उठला आणि मला उठवायला हात पुढे केला. तो हात धरायला मी बराच वेळ घेतला.