चऱ्हाटाचं दुसरं टोक

गावात कुणाला ताप भरला तर वैद्याला बोलावत, बाहेरचं लागलं तर भगताला, आणि नवरा शिंदी पिऊन ओढ्यात पडला तर मला. वैद्याकडे मुळ्या होत्या, भगताकडे अंगारा होता. माझ्याकडे एवढीच विद्या होती की त्या ओढ्यात मी त्यांच्या आधी आठ वर्षं पडून काढली होती. डोंगरकडा गावाच्या आसपास शिंदीचं असं झाड नव्हतं ज्याच्या बुडाशी मी झोपलो नव्हतो. रझाकारीच्या चार-पाच वर्षं आधीचा हा काळ. पिणारा वाया गेलेला आणि सोडणारा वेडा, असे दोनच प्रकार तेव्हा लोकांना माहीत होते. मी दोन्हींतून गेलेलो, म्हणून बाया माझ्याकडे येत.

मला सोडवलं ते कळमनुरीच्या एका पिंजारीचाचानं. चाचा तरुणपणी अफूपायी घरदार विसरला होता आणि कसाबसा बाहेर आला होता. आमच्या गावात गाद्या पिंजायला आला, तेव्हा मी त्याच्या कापसाच्या ढिगावर पडलेलो होतो. त्यानं मला उठवलं नाही, माझ्या भोवतीनं पिंजत राहिला. जाग आली तर मी डोक्यापासून पायापर्यंत कापसात, आणि चाचा शेजारी बिडी ओढत बसलेला. “आज नक्को पिऊ,” तो म्हणाला. “कल की कल देखेंगे.” जन्मभर सोड म्हणणारे मला गावभर भेटले होते. फक्त आजचं मागणारा हा पहिलाच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि पुन्हा तेच म्हणाला. असं करत त्यानं मला दीड महिना फसवलं.

मी पुढं ज्यांच्याजवळ बसलो त्यांत सगळ्यात अवघड माणूस म्हणजे आमचे वारीककाका. आमच्याकडे न्हाव्याला वारीक म्हणतात. काका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, आणि पिण्यात माझे जुने सोबती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या वस्तऱ्यानं पाटलांच्या कानाची पाळी चिरली. पाटलांचे कान तसे सुपाएवढे, चुकून लागणं साहजिक होतं, पण कान पाटलांचा होता. गावानं काकांची हत्यारांची धोकटी काढून घेतली आणि चावडीत खुंटीला टांगली. पाडव्यापर्यंत हाताची थरथर थांबली तर ठीक, नाहीतर हट्ट्याहून नवा वारीक आणायचा, असं ठरलं. काकांच्या आज्यापासून गावाच्या हनुवट्या त्या धोकटीनं साफ केल्या होत्या. चावडीवरून जाताना काका तिकडं बघत आणि मान खाली घालत. ते पाहून मला रडू यायचं.

काकूंनी मला बोलावणं धाडलं, तोवर काका आपल्या परीनं इलाज करून बसले होते. मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत बेलभंडारा उचलून त्यांनी शपथ घेतली होती. आठच दिवसांनी काकू म्हणाल्या, “घरात न्हाईत, रानात न्हाईत, शिंदीखान्यात बी न्हाईत. कुठं शोधू?” मी तडक ओढा ओलांडला आणि पलीकडच्या तिसऱ्या झाडाखाली गेलो. काका तिथंच होते, मडकं मांडीत घेऊन.

“काका, बेलभंडारा उचलला ना?”

“उचलला की. आपल्या मारुतीपुढं उचलला.” त्यांनी ओढ्याकडं बोट केलं. “आपल्या गावची शीव तिथं सरली. हितला मारुती दुसरा हाय. त्याला मी काय बोललोच न्हाई.”

“मग त्यो पाहून राहिला ना?”

“पाहू दे. परक्या गावच्या भानगडीत देव पडत न्हाई.”

मला हसू आवरेना. कारण सहा वर्षांपूर्वी हीच शपथ घेऊन, हाच ओढा ओलांडून, याच झाडाखाली मी हेच बोललो होतो. आमच्या गावची शहाणी माणसं देवाचीही हद्द मोजून ठेवतात. मी त्यांना तसं सांगितलं, तेव्हा काका जरा खट्टू झाले. एवढी मोठी युक्ती आपली एकट्याची नाही, याचं त्यांना दुःख झालं असावं.

“शपथ न्हाई मागत,” मी म्हणालो. “उद्या दिवस कलायच्या आत तुमच्या वाड्यावर येतो. अंबाडीचा वाख घेऊन येतो. चऱ्हाट वळायचं हाय, एकट्यानं होत न्हाई.”

चऱ्हाट वळायला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरून वाखाचे तंतू पुरवायचे, दुसऱ्यानं मागं सरकत पीळ द्यायचा. एकानं मध्येच सोडलं तर सगळा पीळ उकलतो आणि पहिल्यापासून सुरुवात. शिंदीची आठवण जीव खाते ती दिवस कलल्यावर, आणि त्या वेळेला काकांचे दोन्ही हात वाखात अडकलेले असत. पहिले पाच दिवस फार वाईट गेले. त्यांना घाम फुटे, अंगावर मुंग्या चढल्यासारखं होई, आणि ते मला अशा शिव्या देत की काकू आत तोंडाला पदर लावून हसत. मी म्हणे, “आज नको. उद्या पिऊ दोघं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी काका म्हणाले, “तू लबाड हायेस. तुझा उद्या कधी उगवतच न्हाई.” एका महिन्यात आमच्याकडे एवढी चऱ्हाटं झाली की गावातले बैल कमी पडले.

हात स्थिर होऊ लागला होता, पण ते कळणार कसं? गावात एकजण त्यांच्यापुढं बसायला तयार नव्हता. घरात त्यांच्या बापाचा जुना वस्तरा फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. एका सकाळी मी पाणी मागितलं, गालाला चोळलं आणि त्यांच्यापुढं बसलो. काकांनी फडकं सोडून वस्तरा हातात घेतला.

“भाऊ, काहून जिवावर उदार होऊन राहिला?”

“माझे कान लहान हायेत,” मी म्हणालो. “भ्यायचं काम न्हाई.”

खरं सांगतो, मी भ्यालो होतो. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा मारुतीला मीच मनात बेलभंडारा वाहिला. हनुवटीखाली एक बारीक ओरखडा आला, बाकी गाल स्वच्छ निघाले. गावाला मात्र तो ओरखडाच दिसला.

पाडव्याला चार दिवस उरले होते, तेव्हा माझी धाकटी बहीण लेकराचं जावळ काढायला गावात आली. आमच्या देवीला तिचा नवस होता. तिच्या लग्नात जावयाचा कान पिळायचा मान माझा होता, आणि मी त्या वेळी शिंदीच्या बनात आडवा पडलेलो. कान चुलतभावानं पिळला. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोले. जावळाला मामाची मांडी लागते, म्हणून तिला मला विचारावंच लागलं. मी म्हणालो, वस्तरा वारीककाकांचा असू दे.

तिनं लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “दादा, तू पितोस का अजून?”

“आज न्हाई.”

“आन् उद्या?”

“उद्याचं उद्या.”

वाटलं, आता ही उठून जाणार. पण ती म्हणाली, “आजवर नुस्त्या शपथा घेत आलास. हे बरं हाय.”

देवळापुढं निम्मं गाव जमलं. पाटीलही आले, कानावरून मुंडासं नीट ओढून. लेकराच्या आईनंच होकार दिल्यावर त्यांनी चावडीतून धोकटी आणवली. लेकरू माझ्या मांडीवर, काका पुढ्यात उकिडवे. त्यांनी वस्तरा उघडला आणि हात हवेतच थांबला. बोटं हलत होती. आम्हा दोघांनाही ते दिसत होतं, आणि बहिणीला तर सगळ्यांत आधी दिसलं असणार.

“भाऊ,” काका हळूच म्हणाले, “तू टोक धर बराबर.”

मी लेकराचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

बहीण आमच्याजवळून उठली. मला वाटलं, लेकरू उचलून घेणार. ती आमच्याकडे पाठ करून बसली आणि निवदाच्या ताटातला भात सारखा करू लागली. पहिली बट पडली, लेकरानं भोकाड पसरलं, बायका पुढं सरकल्या. ती भात सारखा करत राहिली. तो कधीच सारखा झालेला होता.

शेवटची बट पडली तेव्हा पाठमोऱ्यानंच तिनं विचारलं, “झालं का, काका?”

वस्तरा मिटून काका म्हणाले, “व्हय बाई, झालं. बघ आता.”