नकाशाच्या पुस्तकातलं तोर्केलचं शेत

आयोवातल्या आमच्या भागात तोर्केल फ्लाटेनला सगळे भला माणूस म्हणत, आणि तो होताही. पण भल्या माणसालाही कधी अवदसा आठवते. त्याला ती नकाशाच्या पुस्तकाच्या वर्षी आठवली.

नॉर्वेहून आले तेव्हा तो आईच्या कडेवर होता. बाप पहिल्याच उन्हाळ्यात पटकीनं गेला. मग आईनं, गुरोनं, स्वतः कुऱ्हाड हाती घेतली, ओकची झाडं पाडली, ओंडक्यावर ओंडका रचला आणि बर्फ पडायच्या आत घर उभं केलं. शेजारच्या हाल्वोरनं आढं चढवायला तेवढा हात दिला. त्या एका खोलीत तिनं पोराला वाढवलं आणि बैल हाकून रान फोडलं. पुढं गहू चांगला पिकू लागला तसं तोर्केलनं पांढरं दुमजली घर बांधलं, दिवाणखान्यात गालिचा आला. म्हातारी मात्र मागच्या ओंडक्यांच्या घरातच राहिली. “मला इथंच बरं,” असं ती एकदा म्हणाली होती आणि मुलानंही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. ती पाइप ओढायची. सुनेकडे आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या बायकांशी खुशाल नॉर्वेच्या बोलीत गप्पा मारायची. तोर्केलला तिची लाज वाटे, आणि लाज वाटते याचीही लाज वाटे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या नकाशांचं पुस्तक निघायचं होतं. पैसे भरले की त्यात आपल्या शेताचं चित्र छापून येई. चित्रकार घोडागाडीतून आला आणि पेन्सिल काढून बसला. ही मंडळी मोठी चतुर. नसलेलं कुंपण घालत, मेलेला घोडा उभा करत.

“मालक, कोठार जरा मोठं दाखवू?”

“दाखवा की.”

“आणि ते मागचं काळं खोपटं? ठेवू की काढू?”

तोर्केलनं मागं पाहिलं. आई दारात लोकर पिंजत बसली होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्यानं आवाज खाली आणला.

“काढा. तिथं एखादं सफरचंदाचं झाड घाला.”

थोड्या वेळानं म्हातारीनं चित्रकाराला ताक आणून दिलं. ऊन फार आहे, असं ती खुणेनं म्हणाली.

पुस्तक आलं ते मळणीच्या दिवसांत. यंत्र ज्याच्या शेतावर, जेवण त्याच्या घरी, ही आमची रीत. त्यामुळे सगळा शेजार तोर्केलच्या टेबलाभोवती बसलेला. झाकली मूठ झाकलेली ठेवावी की नाही? पण याला कुठला दम! जेवणं झाल्याबरोबर त्यानं सगळ्यांपुढं पुस्तक उघडलं.

“अबब! कोठार आहे का राजवाडा?” हाल्वोर खिदळला. “आणि ही गाय बघा. खरी अशी असती तर माझ्या कॉफीत साय दिसली असती रे.” सगळे हसले. मग त्याचं बोट चित्रावर थांबलं. “लेका, म्हातारीचं घर कुठाय? त्याचं आढं मी चढवलंय.”

“चित्रकार... विसरला असेल.”

“अख्खं घर विसरला?”

गुरो कॉफीची किटली घेऊन आली होती. ती किटली ठेवून पुस्तकावर वाकली. सफरचंदाच्या झाडाकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

“विसरतोय कशाला? मीच सांगितलं त्याला, काढ म्हणून,” ती म्हणाली. “एवढ्या छान चित्रात ते खोपटं कशाला?”

“तू सांगितलंस? इंग्रजी कधी शिकलीस गं?” हाल्वोरनं विचारलं.

“हात आहेत ना मला? हातानं सांगितलं. तू कॉफी पी मुकाट्यानं.”

पुन्हा हशा झाला. तोर्केलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं चारचौघांत कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सगळं कबूल करायचं ठरवून तो मागच्या घरात गेला. आई पेटी भरत होती.

“हे काय, आई?”

“बर्फाआधी हे पाडून टाक. पुस्तक जिल्हाभर गेलंय. उद्या कुणी बघायला आलं, तर माझ्या पोराला खोटारडा म्हणेल.”

“आई, मी...”

“ठाऊक आहे रे मला. ते घोंगडं दे इकडं.”

माफी मागायला आला होता, पण जीभ रेटेना. त्यानं घोंगडं दिलं.

शेजाऱ्यांनी येऊन ओंडके उतरवले. आईला मोठ्या घरात नेतोय, असा मुलगा नशिबानं मिळतो, असं जो तो म्हणाला. हाल्वोर तेवढा उतरवलेल्या आढ्यावरून हात फिरवत राहिला. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी मातृभक्तीचं उदाहरण म्हणून तोर्केलचंच नाव घेतलं, तशा सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्यानं खाली पाहिलं, लोकांना तो विनय वाटला. पलीकडे बायकांच्या बाजूला बसलेली आई मात्र समोरच पाहत होती.