व्याह्यांपुरती स्पेशल खोली

मिरजेच्या इस्पितळात माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आमच्या स्पेशल खोलीसमोरच्या जनरल वॉर्डात मोतीबिंदूचे एक आजोबा होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. एका डोळ्यावर पट्टी, तरी डोक्याला फेटा बांधलेलाच.

आधी त्यांनीही स्पेशल खोली घेतली होती. पण कुपवाडला नोकरी करणाऱ्या मुलानं समजावलं, की विमा कंपनी खोलीचं रोजचं भाडं ठरलेल्या मर्यादेपर्यंतच देते, वरचं आपल्या खिशातून जातं. आजोबा लगेच वॉर्डात आले. मला म्हणाले, "ताई, खोली आजाऱ्याला कुठं लागती? पाव्हण्यांना लागती. आन् कंपनी पाव्हण्यांचं कायबी देत न्हाई."

मग लोणंदचे व्याही भेटायला येणार असल्याचा निरोप आला आणि आजोबांचं जेवणातलं लक्ष उडालं. लेक नुकतीच त्या घरात दिली होती. बाप जनरल वॉर्डात दिसला, तर तिला सासरी ऐकून घ्यावं लागलं असतं. दुपारी ते आमच्या दारात आले.

"ताई, अर्धा तास खोली द्या. व्याही गेलं की रिकामी करतो."

आमची पॉलिसी मोठी, म्हणून मर्यादाही मोठी. मी खुर्च्या मांडल्या, थर्मासमधला चहा कपांत ओतला. नवऱ्याला मात्र हलवता येईना, टाके ताजे होते. व्याही आले, खोली पाहून खूश झाले. मग त्यांची नजर कॉटवर गेली.

"ह्ये कोण?"

आजोबांनी फेटा सावरला. "वॉर्डात लय गर्दी हाय. म्हटलं, पडा माझ्याच खोलीत."

माझ्या नवऱ्यानं पडल्या पडल्या हात जोडून त्यांचे आभार मानले.