ओठ ओढायचा नाही

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बघायला जायचं असतं. हातात बिस्किटाचा पुडा घ्यायचा, उंबऱ्यातूनच "काय झालं वं?" विचारायचं आणि जिथं झालंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नाही. पाय मोडला असेल तर प्लास्टर बघायचं, ऑपरेशन असेल तर टाके. रिवाज चांगला आहे. पण माझ्या सासूबाईंच्या हिरडीचं ऑपरेशन झालं तेव्हा याच रिवाजानं मला सळो की पळो करून सोडलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी जन्मभर मिसरी लावली. तंबाखू तव्यावर भाजायची, चुरायची आणि बोट हिरड्यांवरून फिरवत ओट्यावर बसायचं. दाढा कधीच गेल्या. खालचे समोरचे दात तेवढे राहिले होते, पण त्यातल्या दोन दातांची हिरडी इतकी खाली सरकली की मूळ उघडं पडलं. गार पाणी लागलं की त्या कळवळायच्या. नसरापूरच्या एका दवाखान्यात दर बुधवारी पुण्याहून हिरड्यांची डॉक्टरीण येते. तिनं सांगितलं, टाळूचा पातळसा तुकडा काढून तिथं शिवू. तो जगला तर दात राहतील. नाही जगला तर ते फार काळ टिकतील असं काही सांगता येत नाही.

आत्यांना टाळू कापायची भीती नव्हती, कवळीची होती. त्यांची थोरली बहीण, किकवीची मावशी, झोपताना कवळी काढून पेल्यात ठेवते. "तोंडातलं काढून पेल्यात? मी मेल्यावर काढा म्हणावं काय ते," असं आत्या म्हणायच्या. या एका भीतीपायी त्यांनी मिसरी सोडली. सोडल्यावर महिनाभर त्या घरातल्या प्रत्येकावर खेकसत होत्या, कुत्र्यावरसुद्धा. मला त्यांचं फार कौतुक वाटत होतं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी सूचनांची सरबत्ती केली. त्यातली माझ्या घाबरलेल्या डोक्यात एकच राहिली: बघायला म्हणून ओठ ओढायचा नाही. टाके ताणले जातात आणि तुकडा सुटतो.

टाळूचं कातडं हिरडीला लावलं ही बातमी वेल्ह्याच्या बाजारात आमच्या आधी पोचली. बायका यायला लागल्या. "दावा की वं, कसं शिवलंय त्ये!" मी तहसील कचेरीत काम करते, लोकांना "उद्या या" म्हणायची मला सवय आहे. पण घरी आलेल्या बायकांपुढं कचेरी चालत नाही. शेवटी मी ओरडलेच, "भातलावणी झाल्यावर रोप उपटून मूळ धरलं का बघता का तुम्ही?" बायका चहा पिऊन गेल्या आणि गावभर म्हणाल्या, सून म्हातारीला तोंड उघडू देत नाही.

सोमवारी मी कचेरीत असताना मावशी एसटीनं आल्या. मी संध्याकाळी घरी पोचले तर दोघी बहिणी खाटेवर शेजारी बसून रडत होत्या. आत्यांनी दारातल्या उजेडात ओठ ओढून दाखवला होता. थोरल्या बहिणीला नाही कसं म्हणायचं?

"पांढरंफटक पडलंय गं," मावशी मला म्हणाल्या. "सडलं त्ये. जळलं मेलं डाक्टर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मावशी, तुमची कवळी मी कधी मागितली का बघायला?" मी म्हणाले. मावशी पिशवी घेऊन ताडकन उठल्या. पण सकाळशिवाय एसटी नव्हती, म्हणून पिशवी ठेवून पुन्हा बसल्या.

मी दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, फोटो पाठवा. मी म्हटलं, फोटोला ओठ ओढावा लागेल. मग ती म्हणाली, परवा बुधवारच आहे, घेऊनच या, तोवर हात लावू नका.

जेवताना आत्या गुरगुट्या भात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मावशींना हळूच विचारलं, "कवळीनं शेंगदाणं खाता येत्यात का गं?"

"येत्यात की," मावशी म्हणाल्या. मग भात कालवत म्हणाल्या, "पर पयल्यासारखी चव लागत न्हाई."

माझा सगळा राग तिथंच विरला. मी उठून मावशींना आणखी भात वाढला.

बुधवारी नसरापूरला आत्या खुर्चीत आडव्या झाल्या आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिले. माझ्यानं बघवेना. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला. पाणी फवारल्याचा आवाज आला. मी मनातल्या मनात आमच्या कुलदैवताला नारळ बोलले. मग एकाचे दोन केले.

"जगलंय," बाई म्हणाल्या. "वरची पांढरी साल निघून जाते, मी सांगितलं होतं. खाली बघा ना, रक्त येऊन मिळालंय, छान गुलाबी झालंय."

मी तरीही बघितलं नाही. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि एकटीच हसत सुटले. आत बाई आत्यांना ओठ ओढल्याबद्दल झापत होत्या, आणि सासूला कुणीतरी झापतंय हे ऐकायला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

टाके निघाले. आणखी काही आठवड्यांनी बाईंनी सांगितलं, आता हवं त्याला दाखवा. पण तोवर वाडीतल्या एका घरात बाळंतीण आली होती आणि सगळं गाव तिकडं वळलं होतं. आत्यांकडं कुणी फिरकेना.

एका रविवारी मी तांदूळ निवडत होते. आत्या येऊन समोर बसल्या. "गावाला आडवलंस," त्या म्हणाल्या, "पर तू तरी बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. त्यांनी ओठ ओढला. मी हात पुसून त्यांची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. दोन्ही दातांची मुळं झाकली होती. जुनी हिरडी कुठं संपते आणि नवी कुठं सुरू होते, कळत नव्हतं. मला रडू फुटलं.

त्यांनी ओठ सोडला आणि त्या दातांवरून हलकेच जीभ फिरवली.

"माजंच हायेत गं आजून," आत्या म्हणाल्या. मी त्यांची हनुवटी सोडलीच नाही.