गोळी पोटातच जात होती

सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून इंदूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या फुप्फुसात बुरशी वाढलीय. ऍस्परजिलस म्हणतात तिला." मला हसूच आलं. बुरशी लोणच्याला लागते, माणसाला कशी लागेल? पण आमचे हे दोन महिने खोकत होते आणि त्या आठवड्यात रुमालावर रक्त दिसलं होतं.

मी बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. दापोऱ्याला आमची केळीची बाग आहे, ती हे बघतात. तरुणपणी ह्यांना टीबी झाला होता. बरं वाटू लागताच ह्यांनी गोळ्या मधेच सोडल्या, पुन्हा आजारी पडले आणि फुप्फुसात एक पोकळी कायमची राहिली. बुरशीनं तिथेच ठाण मांडलं होतं.

व्होरिकोनॅझोल नावाची गोळी सुरू झाली. दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळा सोडून. तीन महिने झाले तरी खोकला हटेना, वजन उतरतच गेलं. माझ्या मनात एकच आलं, हा माणूस पुन्हा गोळ्या फेकून देतोय. मी समोर बसवून गोळी घ्यायला लावायची, मग पहिलीतल्या पोराला सांगावं तसं तोंड उघडायला लावायची. एकदा तर सुनेच्या देखत.

"घेतो ना वं मी. तुले किती डाव सांगू?" हे म्हणायचे.

पुन्हा रक्त पडलं तेव्हा इंदूरला भरती केलं. गोळ्या नियमित घेतात ना, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आजूबाजूच्या खाटा ऐकत होत्या तरी मी बोलले, "मॅडम, हे खोटं बोलतात. टीबीच्या वेळीही हेच केलं होतं." हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दोन तपासण्या झाल्या. एक ड्रग लेव्हल, म्हणजे रक्तात औषध किती पोचलंय ते पाहणं. दुसरी थुंकीतल्या बुरशीची. ती प्रयोगशाळेत वाढवतात, तिच्यावर औषध घालून बघतात आणि तिचा जीन, म्हणजे जनुक, वाचतात. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. तोवर आम्ही दोघं औषधपाण्यापुरतंच बोलत होतो.

"रक्तात औषध पूर्ण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंटची काही गलती नाही. बुरशीच बदलली आहे."

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. बुरशीला आपल्या पेशीचं आवरण बांधायला एक प्रथिन लागतं. गोळी त्यालाच चिकटते आणि बांधकाम बंद पाडते. ते प्रथिन कसं घडवायचं हे जीनमध्ये लिहिलेलं असतं. ह्यांच्या बुरशीच्या जीनमध्ये म्युटेशन, म्हणजे बदल झाला होता. प्रथिनाचा आकार बदलला, ते तयारही जास्त होऊ लागलं, आणि गोळीला पकड मिळेना. ह्यालाच रेझिस्टन्स म्हणतात.

"शेती कशाची?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"केळी. पानावर करपा आला का बुरशीचं औषध फवारतो. बाटलीवर लिहेल राहते त्याच्यापेक्षा एक टोपण जास्तीच टाकतो मी." हे अभिमानानं सांगत होते. आमच्याकडे सगळेच एक टोपण जास्त टाकतात. फवारलेली पानं कापून खड्ड्यात कुजवायची आणि ते खत हे स्वतः फावड्यानं वरखाली करायचे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही बुरशीनाशकं ह्या गोळीच्याच जातीची असतात. तीच पुनःपुन्हा पडली की त्यांना न जुमानणारी बुरशी तेवढी उरते, आणि ती श्वासातून आत जाऊ शकते. तुमची तिथूनच आली असं मी पक्कं सांगू शकत नाही."

मग शिरेतून ऍम्फोटेरिसिन सुरू झालं. हे औषध दुसऱ्या वाटेनं बुरशीवर चालतं, पण मूत्रपिंडाला जड. रोज रक्त तपासायचं, रोज धाकधूक. ह्यांना हुडहुडी भरायची, मी पाय दाबत बसायची. तिसऱ्या आठवड्यात खोकल्यातलं रक्त थांबलं. पोकळी आहे तशीच आहे, तपासणीला जन्मभर जावं लागेल. पण माणूस आहे.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर औषध लागू का पडत नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. ह्या दोन्ही तपासण्यांबद्दल विचारा. माणसावर संशय मी घेतला, तुम्ही घेऊ नका.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या सकाळी मी त्याच वॉर्डात, सगळ्या खाटा ऐकत असताना, मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "हे खरं बोलत होते. चूक माझी होती." हे शर्टाची बटणं लावत होते. बोटं थांबली. ह्यांचे डोळे भरून आले, आणि ह्या सगळ्या आजारपणात मी ह्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.