निसलेली मिलो

टीव्हीवर बातमी लागते, अमक्या कंपनीचा माल खाऊन माणसं आजारी पडली, कंपनीनं सगळी पाकिटं बाजारातून परत घेतली. खाली नंबर फिरत असतो, तक्रार इथं करा. सून म्हणते, बघा आई, आता किती सोपं झालंय. मी मान हलवते, पण डोक्यात तिडीक उठते. आमच्या घरूनही एकदा धान्य परत घेतलं होतं, दवंडी पिटून. बदल्यात दुसरं धान्य मिळालं. मायचं जे गेलं ते बदलून द्यायची सोय कोणत्याच दुकानात नव्हती.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळाची वर्षं होती ती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, जिल्हा म्हणजे अकोला. किन्हीराजाकडून आत वळलं की आमचं गाव. माय-बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि मी जवळच्याच मालेगावच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते, म्हणून घरातली शिकलेली मीच. रेशनवर लाल मिलो यायची. परदेशातून बोटीनं आलेली ज्वारी म्हणे. तिची भाकर थापताना चिरायची, तव्यावर लाकडासारखी व्हायची आणि गिळताना घशात अडायची. तरी तिच्यासाठी रांग लागायची. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा म्हणतात ना, त्यातलीच गत.

धान्य निवडण्याला आमच्याकडं निसणं म्हणतात. बाईची परीक्षा तिथंच. भाकरीत खडा लागला तर पुरुषमाणूस तोंडानं काही बोलायचा नाही, खडा काढून ताटाच्या काठावर ठेवायचा, टक्कन आवाज होईल असा. तो आवाज ऐकून बाई जेवायची विसरायची. मायच्या भाकरीत कधी कुणाला खडा लागला नव्हता. तिला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? मिरवायला दुसरं होतंच काय तिच्याजवळ?

त्या दिवशी आत्या आलेली होती, बाबांची थोरली बहीण, पलीकडच्या गावची. आत्यानं बाबांना लहानपणी कडेवर वाढवलेलं, त्यामुळं ती आली की घरात सण. माय कामावरून आली तशी, डोळ्यांत खडीची धूळ घेऊनच, सूप पुढ्यात ओढून बसली. मिलोत चपट्या, पिवळट बिया दिसत होत्या. मला एक दाखवून म्हणाली, "मिरच्याच्या बिया हायेत व ह्या. पोतं पयले मिरच्याचं असन." पुष्कळशा तिनं काढल्या, काही राहिल्या. मिरचीच्या बीनं कोण मरतं? दळण आणलं, भाकरी झाल्या, अंबाडीची भाजी झाली. आत्याला मायनं आग्रह करकरून वाढलं.

जेवण होऊन थोडा वेळ गेला आणि बाबांना दार सापडेना. भिंतच ढकलायला लागले. आत्याचं तोंड लालभडक झालं, जीभ कोरडी पडली, आणि ती मांडीवरच्या लुगड्यावरून काहीतरी वेचून वेचून बाजूला टाकू लागली. तिथं काहीच नव्हतं. ती निसत होती. मला मिलो आवडत नसे म्हणून मी अर्धीच भाकर खाल्ली होती, मला फक्त पुस्तकातली अक्षरं दिसेनात. माय मात्र धड होती. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिचं ताट अजून लागलंच नव्हतं.

आरडाओरड ऐकून गाव जमलं. आमच्या लोकांनी देव सोडून बुद्ध घेतला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या पोटातून ते गेलं नव्हतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालंच, "देव पान्यात सोडले यायनं, आता भोगा म्हना." एकानं भगत आणायची गोष्ट काढली. मायनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. खडीचा ट्रक सडकेवर उभा होता, त्यात तिनं दोघांना घातलं आणि मालेगावला नेलं.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या केवढ्या तरी पसरलेल्या. काय खाल्लं ते विचारलं, मी बियांचं सांगितलं. ते म्हणाले, "मिरची कसली, धोतरा आहे तो." पोट धुतलं, इंजेक्शनं दिली, दोघं वाचले. वस्तीत इतर घरीही कुणाला भोवळ, कुणाला उलटी झाली होती, पण आमच्याइतकं कुठंच नव्हतं. पोत्यात जिथं धोतऱ्याचा गोळा होता तिथलंच माप आमच्या पिशवीत पडलं असणार.

दोघांना दवाखान्यातून घरी आणल्यावर आत्याला न्यायला तिचा मुलगा आला. खाटेजवळ उभा राहून त्यानं एकच विचारलं, "सगळे पडले, अन् मामीले काई झालं नाई, हे कसं?"

मी तावातावानं सांगू लागले की ती जेवलीच नव्हती. तो म्हणाला, "तेच तं म्हनून राह्यलो मी. काहून नाई जेवली?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? ती बाई आहे म्हणून, हे? आत्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तेच जास्त लागलं. निघताना मायनं चहाचा कप पुढं केला. आत्या म्हणाली, "राहू दे वयनी, मन नाई होत." आणि गाडीत जाऊन बसली. माय कप हातात धरून दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कोतवालानं दवंडी दिली, "रेशनची लाल जवारी कोनी खाऊ नका होऽ, दुकानात वापस आनून द्या, बदलून भेटन होऽ." सरकार जागं झालं म्हणून आम्ही खूश झालो. मायनं उरलेली मिलो अंगणात ओतली, सगळ्या वस्तीला दिसेल अशी मधोमध बसली आणि निसायला लागली. एक एक बी. कुणी हसलं, कुणी म्हणालं, परत द्यायचं धान्य कायले निसतं? ती मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्याच्या दारी घान घेऊन जाऊ का मी? मंग म्हनतीनच लोकं, हिले निसता येत नाई."

तिचं पाहून शेजारणींनीही सुपं काढली. धान्य कुणाच्या दारी जायचं तर साफ करून जायचं, ही आमची रीत. निघालेल्या बिया चुलीत गेल्या. वस्तीतून दुकानात परत गेली ती मिलो अशी होती की एखाद्या साहेबानं पाहुण्यांना दाखवावी.

मग अन्न निरीक्षक आले. त्यांनी दुकानातल्या परत आलेल्या पोत्यातून नमुना घेतला, कायद्याप्रमाणं तीन भाग केले, लाखेची मोहोर लावली. सगळं कसं रीतसर. नमुना तपासायला गेला आणि आम्ही वाट पाहत बसलो. मायला पैसे नको होते, दुकानदाराला जेलही नको होती. तिला फक्त कुठल्याशा सरकारी माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की धान्य वाईट होतं, आणि ते आत्याला ऐकवायचं होतं.

उत्तर आलं, धान्य खाण्यास योग्य, विषारी बी आढळले नाही.

मी मायला घेऊन वाशीमला गेले. तिथं आमच्यातलेच एक वकील होते, गरिबाकडून फी घेत नसत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, वाटा पुष्कळ आहेत. भेसळीच्या कायद्याखाली खटला होतो, पण तो निरीक्षकाच्या नमुन्यावर चालतो आणि नमुना तर साफ निघाला. गिऱ्हाईक स्वतःही माल तपासायला देऊ शकतं. मी खुर्चीत पुढं सरकले. ते म्हणाले, मात्र विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हा माल मी तपासणीला देणार आहे.

"आधीच?" मी म्हटलं. "आजारी पडायच्या आधीच?"

"कायदा तसा आहे."

मला हसावं की रडावं कळेना. रेशनच्या रांगेत उभं राहून कोणती बाई म्हणेल, भाऊ, मिलो द्या, मी ही तपासायला नेऊन राह्यले? पुढल्या महिन्याची साखर विसरायचीच मग. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यानं लिहिलेला कायदा, दुसरं काय.

राहिला दिवाणी दावा, नुकसानभरपाईचा. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. ते म्हणाले, या चिठ्ठीवरून धोतरा पोटात गेला एवढं दिसतं. तो दुकानातून आला हे कुठं दिसतं? समोरचा वकील विचारेल, तुमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, धोतरा नाही का? धुऱ्यावर धोतरा नाही असं गाव आमच्या मुलखात दाखवा मला. सगळ्या गावाला एकदम बाधा झाली असती तर गोष्ट वेगळी होती, ते म्हणाले. म्हणजे आणखी माणसं पडायला हवी होती.

"त्या बिया तरी असत्या, मूठभर," ते शेवटी म्हणाले, "तं काईतरी करता आलं असतं. बाई, तुमी पुरावाच निसून टाकला."

मायनं पदर सावरला. तिनं विचारलं, "साहेब, म्या साफ करून देल्लं, हा माहा गुन्हा झाला का?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "गुन्हा नाई," ते म्हणाले.

निघायच्या आधी मी पुरवठा खात्याच्या एका साहेबासमोरही उभी राहिले. माझा हट्टच होता. त्यानं मान वर केली नाही. "धान्य निवडून खायचं असतं, एवढं घरच्या बायांना कळत नाही?" म्हणाला. साफ केलं तर पुरावा गेला, नाही केलं तर बाई आळशी. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मी तिथंच काहीतरी ताडकन बोलले असते, पण मायनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला तिचाही राग येत होता. एवढं ऐकून घेऊन ही बाई चिडत कशी नाही?

पुढं कैक वर्षांनी ग्राहकांचा कायदा आला, कोर्टं आली. वरातीमागून घोडं. तेव्हा आम्हाला मिलो कुठली दाखवायला?

आत्या येत राहिली, भावावर जीव होता तिचा. पण येताना फडक्यात भाकर बांधून आणायची. आमच्या ओसरीवर बसून ती स्वतःची भाकर खायची आणि माय समोर बसून तिच्याशी बोलायची, पोरांच्या, पिकाच्या गोष्टी. दोघी जणी कधी त्या दिवसाविषयी बोलल्या नाहीत. मायनं एक रीत बदलली. पहिली भाकर ती आता स्वतः खायची, मग पदर आवरून थोडा वेळ बसून राहायची, आणि मगच आम्हाला वाढायची. शेजारणी नावं ठेवायच्या, "घरच्या मानसाच्या आधी जेवते, कशी बाई हाये." माय ऐकून घ्यायची.

दशक संपायच्या आत माझं लग्न ठरलं. दुष्काळ सरला होता, घरची ज्वारी होती, गहूही होता. वस्तीतल्या बायांनी अंगणात चुली मांडल्या. आमच्याकडं लेकीच्या लग्नाचं पहिलं पीठ आईनं मळायचं. बायांनी परात पुढं सरकवली, तर माय मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खांबाशी उभी राहिली. कुणी कितीही बोलावलं तरी आली नाही. मी हळद लावून बसलेली, उठता येत नव्हतं, आणि तिचं काय बिनसलं ते कळेना. मी चिडून हाक मारली, तिनं माझ्याकडंही पाहिलं नाही.

पंगत बसली. आत्या पहिल्या ओळीत होती. या वेळी भाकर बांधून आणली नव्हती तिनं, भाचीचं लग्न होतं ना. ताट वाढलं गेलं, सगळ्यांनी हात घातला, आत्याचा हात ताटाशी येऊन थांबला. तिनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं.

माय खांबाजवळूनच म्हणाली, "जेवा बाई. माह्या हातचं नाई."

आत्यानं घास उचलला.