अष्टमीचा नकाशा

सकाळी सव्वासातला वैभवचा फोन आला. "काका, नाना गेले. पहाटे, झोपेतच." मी बोईसरला गॅलरीत दाढी करत होतो, अर्धीच झाली होती. तसाच उठून सातपाटीला निघालो, आणि तिथे कोणीतरी सांगेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही. हरेश्वरनाना असते तर नक्की म्हणाले असते, "साहेब, काम अर्धवट टाकून आलात?" त्यांच्या या मुलाला मी नानांच्या मागे धीर द्यायला गेलो होतो, पण धीर त्यानेच मला दिला... आज नानांना जाऊन सहा आठवडे होतील.

नाना दर्यावर जाणाऱ्या घरातले. होडी थोरल्या भावाकडे गेली, आणि यांनी थापी हातात घेतली. गवंड्याचे ठेकेदार झाले. मी सांगलीकडचा, तारापूरच्या एका कारखान्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला. म्हणजे ते काम करणारे आणि मी त्यांच्या कामात चुका काढणारा. मैत्री व्हायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. पण झाली खरी, आणि तीही एका भांडणातून.

कारखान्याला खाडीच्या काठावर पंपघर बांधायचं होतं. काम नानांना मिळालं. करारात मुदत होती, आणि मुदत चुकली तर दंड होता. दंडापेक्षा वाईट म्हणजे कारखान्याच्या ठेकेदारांच्या यादीतून नाव जाणार होतं. बोईसर-तारापुरात असं नाव गेलं की दुसऱ्या कारखान्याचं दारही बंद होतं. उशीर आमच्यामुळे झाला तर मात्र ठेकेदाराला मुदतवाढ आणि रिकाम्या बसलेल्या यंत्रांची भरपाई मिळायची, पण अडथळा आल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवलं असेल तरच. हे कलम मला तोंडपाठ होतं आणि त्याचा मला भारी ताठा होता.

पायाचा नकाशा आमच्याकडून चार दिवस उशिरा गेला. लगोलग नानांचं पत्र आलं. "नकाशा अष्टमीला देण्याचे ठरले होते, तो द्वादशीस मिळाला. भांग गेला. खड्ड्यात पाणी आहे. पुढच्या अष्टमीपर्यंत काम बंद." अख्ख्या पत्रात एकही तारीख नाही. माणूस जन्मभर तिथीवर जगलेला. होडी कधी काढायची, जाळं कधी टाकायचं, सगळं तिथीवर, तेव्हा पत्रही तिथीवरच. भांग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि अष्टमी म्हटलं की गोकुळाष्टमी आठवायची, तीही दहीहंडीमुळे. मी उत्तराचा मसुदा केला, "पत्रात दिनांक नमूद नाही, सबब विचार करता येत नाही. शिवाय चार दिवसांच्या विलंबाचे पंधरा दिवस होत नाहीत." खाली सही माझ्या साहेबांची होती, शहाणपण माझं. त्याच पत्रावर आमच्या कार्यालयाचा आवक शिक्का तारखेसकट होता, तो मी पाहूनही पाहिला नाही.

पंपघर वीस दिवस उशिरा पुरं झालं. दंडाची नोटीस निघाली, यादीतून नाव काढण्याचा प्रस्ताव निघाला. नानांनी करारातल्या तरतुदीप्रमाणे लवाद मागितला. बाहेरचे एक निवृत्त अभियंते लवाद म्हणून नेमले गेले. त्याआधी साहेबांनी मला नानांची कामाची नोंदवही तपासायला सातपाटीला धाडलं. हेतू सरळ होता, तिच्यातली भोकं शोधायची.

यमुनाकाकींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, ओट्यावरचे बोंबील बाजूला सारून मला बसायला जागा केली आणि पंचांग आणून समोर ठेवलं. नाना तिथ्या वाचत गेले, मी शेजारी तारखा लिहीत गेलो. संपल्यावर वही मिटून ते म्हणाले, "कागदाव नाय कळायचं साहेब. खाडीव चला." त्या दिवशी नेमकी अष्टमी होती. पंपघराच्या बाजूला एक मोठा दगड होता. भरतीचं पाणी त्याच्या अलीकडे येऊन थांबलं. "हा भांग, कमी भरतीचे दिस. पानी इथवर येतं नि माघारी जातं. खड्डा खनायचा तं ह्याच दिसांत. आता अमाशेला या." अमावस्येला गेलो. दगड दिसेना. मी घाटावरचा शहाणा, पँट वर करून त्याला शोधायला पुढे गेलो आणि कमरेपर्यंत भिजलो. नाना काठावर उभे राहून पोटभर हसले. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या चार दिसांत माझा भांग गेला, साहेब. दुसरा यायला पंधरवडा लागतो. हे आमी ठरवलेलं नाय."

लवादापुढे मला विचारलं गेलं, तेव्हा मी जे पाहिलं ते सांगितलं. नकाशा चार दिवस उशिरा गेला, काम पंधरा दिवस अडलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की नोकरी गेलीच असं वाटलं. नानांचा वकील खूश झाला आणि उरलेल्या पाच दिवसांसाठीही उधाणाचंच कारण मांडू लागला. ते दिवस पौर्णिमेच्या आसपासचे होते, लवादांना पटलंही असतं. तेवढ्यात नाना उठले.

"ते पाच दिस माझे. नारळी पुनवेला माझी मानसं होड्यांव गेली. मीच सोडली. दर्या सुरू होताना मानूस अडवायचा नाय, आमच्यात रीत हाय. तवा काम वर स्लॅबचं होतं, पान्याचा संबंद नव्हता. ते मोजू नका."

वकिलाने कपाळाला हात लावला. लवादांनी नोंदवही मागितली. त्या पाच तिथ्यांपुढे नानांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "माझा खाडा". लवादांनी ते पान वाचलं. मग म्हणाले, "ज्याने हे लिहिलं, त्याचं बाकीचंही मला मान्य आहे." पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळाली, बसून राहिलेल्या मिक्सरची भरपाई मिळाली, पाच दिवसांचा दंड नानांनी भरला. यादीत नाव राहिलं. माझी नोकरीही राहिली, साहेबांनी महिनाभर चहाला बोलावलं नाही एवढंच.

पुढे कित्येक वर्षं खाडीकाठच्या प्रत्येक कामाचं वेळापत्रक मी पंचांग उघडून केलं. नवे इंजिनिअर हसायचे, मी त्यांना हसू द्यायचो. मोठमोठे ठेकेदार पाहिले, जाडजूड दाव्यांच्या फायली पाहिल्या. स्वतःचा खाडा स्वतः लिहिणारा मी एकच पाहिला, आणि तो मला मित्र म्हणत होता. याचा मला अभिमान आहे.

मागच्या आठवड्यात वैभव घरी आला. मासवणजवळ नदीकाठच्या संरक्षक भिंतीचं काम सध्या त्याच्याकडे आहे. जागेचा ताबा उशिरा मिळाला म्हणून मुदतवाढीचं पत्र त्याने लिहिलं होतं. "काका, एकदा नजर टाका," म्हणाला. पत्र चोख होतं. ताबा मिळायला अठरा दिवस उशीर, तारखा बरोबर, कलम बरोबर. शेवटी एक ओळ होती. "यानंतरचे तीन दिवस काम आमच्याकडून बंद होते, वडील वारल्यामुळे. ते यात धरू नयेत."

मी म्हणालो, "अरे, एवढं कोणीही समजून घेईल. काढून टाक ती ओळ."

त्याने पत्र परत घ्यायला हात पुढे केला. मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि जसंच्या तसं त्याच्या हातात दिलं.